पदवीचा सर्वसाधारण भाव सांगा



कापूस किंवा ज्वारी घेऊन बाजार समितीत गेलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. फळ्यावर तीन भाव लिहिलेले असतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. शेजारी आवक लिहिलेली असते. कमाल भाव वाचून गाडी भरणारा शेतकरी एकदाच फसतो. पुढच्या खेपेला तो आधी आवक विचारतो, मग सर्वसाधारण भाव विचारतो आणि तो कमाल भाव नेमका कोणाच्या ढिगाला मिळाला याची चौकशी करतो. पुष्कळदा तो मुहूर्ताचा ढीग निघतो. पहिली गाडी, गळ्यात हार, फोटो आणि दोन-चार क्विंटलांपुरता चढा भाव. दुपारनंतर त्याच आवारात काय भाव फुटला ते फोटोत येत नाही.

हाच शेतकरी जून-जुलैत पोराला घेऊन कॉलेजच्या दारात उभा राहतो तेव्हा फक्त कमाल भाव वाचतो. तिथे दुसरा भाव लिहिलेलाच नसतो.

आम्ही राहतो ते लोणी काळभोर पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. सोलापूर, धाराशिवकडून पुण्याला येणारी एस.टी. आमच्या दारावरून जाते. गावच्या शिवारात कालव्याचे पाणी, ऊस आणि त्यातच वसतिगृहे, खोल्या, खानावळी. राजबागेत २०१५ च्या राज्य कायद्याने झालेले खाजगी विद्यापीठ आहे. पुढे जे लिहितो आहोत ते त्याच्याबद्दल नाही आणि कोणा एका संस्थेबद्दलही नाही. पण कोरडवाहू मुलखातल्या पोरांच्या खोल्या आमच्या आजूबाजूला आहेत आणि त्यांचे बाप प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडे मुक्कामाला येतात, म्हणून हा विषय आमच्या ओट्यावर येऊन बसला आहे.

एका जून महिन्यात परांड्याकडचे एक जुने सोबती आले. पाच एकर कोरडवाहू, ज्वारी आणि थोडा कापूस. थोरल्या पोराला पदवीला घालायचे होते. आम्ही बरोबर गेलो. कॉलेज कोणते ते सोडा. खिडकीवरच्या माणसाने रंगीत पुस्तिका पुढे केली. पहिल्याच पानावर टाय लावलेल्या एका पोराचा फोटो आणि खाली लाखांतले पॅकेज. आमच्या सोबत्याने पुस्तिका उलटी-सुलटी केली आणि विचारले, "साहेब, आवक किती?"

"म्हणजे?"

"म्हंजे पोरं किती पास झाली, अन् त्यातली किती लागली? ह्यो एक फोटो झाला."

"त्याची माहिती पुढच्या खिडकीवर."

पुढच्या खिडकीवर पैसे भरून घेत होते. त्याने भरले. परत येताना म्हणाला, "भाऊ, तुम्ही तर शेतीची पदवी घेतलीय. तुम्ही तरी सांगा, ह्या विषयाची पोरं पाच वर्षांनी काय कमावतात?" आम्हाला सांगता आले नाही. लाज वाटली म्हणून त्यानंतर सरकारी कागद शोधायला बसलो. जे सापडले ते पुढे मांडतो.

केंद्र सरकार २०१०-११ पासून उच्च शिक्षणाची अखिल भारतीय पाहणी करते. २०२१-२२ च्या पाहणीत देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी मोजले. कोणत्या शाखेत किती, मुली किती, मास्तर किती, पास किती झाले, सगळे रकाने आहेत. पास झाल्यावर पोरगा कुठे गेला, हा रकाना नाही. पेरा मोजला, उगवण मोजली, खळे मोजायचे राहिले.

दुसरा कागद क्रमवारीचा. २०१५ साली राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा आला, पहिली यादी २०१६ मध्ये लागली. त्यात संस्थांना सांगावे लागते की किती पोरे नोकरीला लागली आणि लागलेल्यांचा मध्यक पगार किती. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराच्या चढत्या क्रमाने रांगेत उभे केले तर बरोबर मधल्याचा पगार. हे माप वाईट नाही, सरासरीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. खोट दुसरीकडे आहे. मध्यक काढला तो लागलेल्यांचा. जे लागले नाहीत ते रांगेतच नाहीत. शंभरात वीस पोरे लागली तर मध्यक त्या विसांचा. ओला म्हणून परत पाठवलेला माल आवकेतून वगळून सर्वसाधारण भाव काढावा, तसे हे झाले. आकडे देतात त्याच संस्था, ज्यांना क्रमांक हवा आहे. पगार मांडला जातो तो अभ्यासक्रमाच्या वर्षांवरून, तीन वर्षांचा, चार वर्षांचा. विषयावरून नाही. एकाच संस्थेत संगणकाचा अभियंता आणि दुसऱ्या एखाद्या चार वर्षांच्या विषयाचा पदवीधर असला तर दोघे एकाच ढिगात. लांब धाग्याचा आणि कवडी कापूस एका बोजात बांधून सरासरी भाव सांगणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे छापत नाही.

नोकरी मिळत नाही म्हणून जो पोरगा आणखी दोन वर्षे एम.एस्सी.ला बसला, तोही या आराखड्यात "उच्च शिक्षणासाठी निवड झाली" म्हणून जमेच्या बाजूला मांडला जातो. न विकलेला माल गोदामात टाकला आणि तो विक्रीत धरला.

तिसरा कागद श्रमबळ पाहणीचा. २०१७-१८ पासून सरकारची सांख्यिकी कचेरी घरोघर जाऊन विचारते, काम आहे का, कोणते, काय मिळते. २०२२-२३ मध्ये देशातली बेकारी ३.२ टक्के निघाली, पदवीधरांतली १३.४ टक्के. म्हणजे शिकल्याने बेकारी चौपट. हा आकडा पाहून आम्ही विषयवार तक्ता शोधू लागलो. ज्या प्रश्नपत्रिकेवर ही पाहणी सुरू झाली तिच्यात तांत्रिक शिक्षणाचा रकाना आहे आणि त्यात एक संकेतांक आहे: शेती, अभियांत्रिकी, तंत्रज्ञान, वैद्यक वगैरे यांतली तांत्रिक पदवी. सगळ्यांना मिळून एक! डॉक्टर, इंजिनियर आणि आम्ही बी.एस्सी. अॅग्री एकाच पोत्यात. पदविकेला मात्र शेतीचा वेगळा संकेतांक दिला आहे. पदविकावाल्याचे काय झाले ते निदान शोधता येईल, पदवीवाल्याचे नाही.

आता "काम आहे" याचा अर्थ या कागदात काय आहे तो नीट पाहा, कारण आपल्या घरचा प्रश्न इथे आहे. पदवी घेऊन पोरगा गावी परतला, नोकरी नाही, बापाबरोबर औत हाकतो, कापसाला फवारा मारतो. त्याला कोणी पगार देत नाही. या पाहणीत तो घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस, म्हणजे स्वयंरोजगारी, म्हणजे कामावर असलेला. वर्षात तीस दिवस असे काम केले तरी दुय्यम कामाच्या नावाखाली तो कामकऱ्यांत जमा होतो आणि तो ३.२ चा आकडा याच हिशेबाने काढलेला आहे. एका वेचणीचा हंगाम पुरतो. पाच एकरांवर आधीच तीन माणसे पुरून उरत होती, चौथे आले. उत्पन्न तेवढेच राहिले, खाणारे वाढले आणि सरकारच्या वहीत एक बेकार कमी झाला.

आणि मायबहिणींनो, पोरींचे तर त्याहून सोपे केले आहे. पदवी घेतली, लग्न झाले, सासरी आली. पाहणीवाल्याने विचारले, काय करता? सासूने सांगितले, घरीच असते. संपले. घरकाम करणारी बाई श्रमबळाच्या बाहेर, आणि जी श्रमबळातच नाही ती बेकारही नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी माफ झाली. चांगले झाले, आम्ही स्वागत करतो. पण माफीवर सरकार किती खर्च करते हे दरवर्षी सांगितले जाईल, त्या मुलींपैकी किती जणींच्या हाती स्वतःचा पैसा आला हे कोणी सांगणार आहे काय?

आता खर्चाची बाजू मांडू. १९६५ पासून दिल्लीत शेतीमालाच्या किमतींचा आयोग आहे. त्याच्या हिशेबाशी आपले भांडण जुने आहे. पण तो निदान खर्च मांडतो. रोखीचा खर्च तो ए-२, त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की दुसरा आकडा, त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज मिळवले की सी-२. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली ती मधल्या आकड्यावर, सी-२ वर नाही, हे आपण सगळे जाणतो. हीच पट्टी पदवीला लावून पाहा.

चार वर्षांची पदवी. फी वर्षाला एक लाख धरू, खोली-खानावळ-पुस्तके-येणेजाणे एक लाख धरू. तुमचा आकडा कमी-जास्त असेल, तुमचा घाला. चार वर्षांचे आठ लाख. हा झाला पदवीचा ए-२. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. तो पुरा मिळाला असे धरले तरी आठ लाख म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरी चार क्विंटल धरला तर जवळजवळ पंचवीस एकरांचे एका वर्षाचे पीक. बियाणे, खत, फवारणी, वेचणी काहीही वजा न करता. पाच एकरांच्या माणसाची सलग पाच वर्षांची सगळी कपाशी. मालदांडी ज्वारीत मोजायचे तर त्या वर्षीच्या ३,७४९ च्या हमीभावाने दोनशे तेरा क्विंटल.

आता पोराची मजुरी. तो चार वर्षे घरी असता तर वर्षाला दोनशे दिवस तरी हाताला काम धरू. २०२५-२६ चा रोजगार हमीचा दर ३१२ रुपये. अडीच लाख झाले. पैसा कर्जाचा असेल तर व्याज वर, आणि एकर विकून आणला असेल तर त्या एकराचा खंड कायमचा गेला. पदवीचा सी-२ साडेदहा-अकरा लाखांच्या खाली येत नाही. हा उत्पादनखर्च झाला. भाव किती? आयोग गप्प, विद्यापीठ गप्प, मंत्रालय गप्प. सरकी जमिनीत टाकण्याआधी पावसाचा अंदाज, भावाचा अंदाज सगळे विचारणारा माणूस अकरा लाखांची पेरणी डोळे मिटून करतो आणि शहाणे लोक त्याला अडाणी म्हणतात.

१८८२ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो आणि रयतेच्या पोरांच्या पदरात काही पडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज रयतेची पोरे कॉलेजात आहेत, हा फरक मोठा आहे आणि तो कमी लेखू नये. पण १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाल्यापासून पैसा आधी कर म्हणून जात होता तो आता फी म्हणूनही जातो. तेव्हा हिशेब मागायचा हक्क दुप्पट झाला.

हिशेब मागितला की एक ठरलेले उत्तर येते: शिक्षणाची किंमत पगारात मोजता का? विद्या ही काय बाजारातली वस्तू आहे? हे उत्तर देणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, की फी घेताना तुम्ही कोणत्या नाण्यात घेता? पैसे घेताना बाजार आणि हिशेब देताना सरस्वतीचे मंदिर, हे चालणार नाही.

दुसरे म्हणतात, हे मोजता येतच नाही, फार अवघड आहे. आपल्याच देशात १९७१ च्या जनगणनेत पदवीधर आणि तंत्रज्ञांसाठी वेगळे कार्ड होते. पदवी कोणत्या विषयाची, काम आहे का, हे त्यात विचारले होते.  ब्रिटनने २०१५ साली कायदा करून शिक्षणाच्या नोंदी आणि आयकराच्या नोंदी एकमेकींना जोडल्या. विषयवार, विद्यापीठवार आकडे तिथे छापले जातात: पदवीनंतर एक वर्षाने, तीन, पाच आणि दहा वर्षांनी मध्यक कमाई किती. कोणाचे नाव येत नाही, ढिगाचा भाव तेवढा येतो. अमेरिकेनेही २०१५ मध्ये कॉलेजांचा तक्ता लोकांसाठी खुला केला आणि २०१९ पासून विषयवार कमाई देऊ लागली. आपल्याकडे शिष्यवृत्ती संगणकावरून खात्यात जमा होते, पोराचा आधार क्रमांक, अभ्यासक्रम, वर्ष सगळे सरकारजवळ आहे. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांकही सरकारजवळ आहे. न जमण्यासारखे काय आहे ते दाखवा.

मात्र इथे आम्हाला आपल्याच बाजूला थोडे सावध करायचे आहे. कराच्या आणि निधीच्या नोंदी जोडल्या तर शेतावर परतलेला पोरगा त्यात शून्य दिसेल, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. श्रमबळ पाहणीत तो कामावर दिसतो, करनोंदीत गायब होतो. दोन्ही खोटे. त्याचे खरे उत्पन्न दुसऱ्या कागदात आहे. २०१९ च्या शेतकरी कुटुंबांच्या पाहणीत देशातल्या शेतकरी घराचे महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले आणि त्यात पिकांपासूनचे ३,७९८. साऱ्या घराचे, महिन्याचे! पदवीधर पोरगा या ३,७९८ मधला वाटेकरी आहे. विषयवार तक्ता करायचा तर "घरच्या शेतीवर परतला" हा वेगळा रकाना हवा आणि त्याच्यापुढे हे असले आकडे हवेत.

आणखी एक. ब्रिटनच्या तक्त्यात वैद्यक वर आहे, कलाविषय तळाला आणि शेतीविषयही खालच्या अर्ध्यात आहे. जुलै २०२३ मध्ये तिथल्या सरकारने कमी कमाईच्या पदव्यांचे प्रवेश रोखण्याची भाषा केली. आपल्याकडे तक्ता निघाला तर बी.एस्सी. अॅग्री कुठे येईल, याचा अंदाज आम्हाला आहे, आणि लगेच कोणी तरी म्हणेल की शेतीची पदवी निकामी, पोरे नालायक. त्याला उत्तर आताच तयार ठेवा. आम्ही पदवी घेऊन पहिली नोकरी केली ती कीटकनाशके विकण्याची. महिन्याचे लक्ष्य लिटरमध्ये असे. बोंडअळी किती हटली हे कोणी विचारत नसे, किती डबे खपले ते विचारत. ज्या महिन्यात शेतकऱ्याचा खर्च जास्त, त्या महिन्यात आमचा पगार जास्त. कोणत्याही तक्त्यात आमची ती वर्षे सर्वात यशस्वी दिसतील. नोकरी सोडून गावोगाव माती आणि पेरणीचे अंतर सांगत हिंडलो ती वर्षे शून्याच्या आसपास. कारण ज्याला आम्ही सल्ला देत होतो त्याच्या खिशात सल्ल्याचे दाम द्यायला काही उरत नव्हते. शेतीच तोट्यात असेल तर शेती शिकलेल्याला फायद्यात कोण ठेवणार? तेव्हा त्या पदवीचा भाव पडलेला दिसला तर तो कापसाच्या आणि ज्वारीच्या भावाचाच आरसा आहे, असे वाचायचे.

ऑगस्ट २०२४ आठवा. पुण्यात शास्त्री रस्त्यावर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची पोरे रात्रंदिवस बसली होती. मागणी काय, तर कृषी सेवेच्या २५८ जागा त्याच परीक्षेत धरा, आणि बँकेच्या परीक्षेशी तारीख आदळते ती बदला. आयोगाला २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा पुढे ढकलावी लागली, ती १ डिसेंबरला झाली. राज्यात चार कृषी विद्यापीठे, त्यांच्याखाली सरकारी कॉलेजांच्या कित्येक पट खाजगी कॉलेजे, आणि झगडा २५८ खुर्च्यांसाठी. त्या रस्त्यावर बसलेल्या पोरांचे बाप कुठे होते? मूग-उडदाची काढणी करत होते, फवारा मारत होते, खोलीभाडे पाठवत होते.

तक्ता हाती आला तरी तो कांद्याच्या भावासारखा वाचा. यंदाचा भाव बघून सगळ्यांनी कांदा लावला की पुढच्या वर्षी काय होते ते सांगायला नको. पदवीचे पीक तर चार वर्षांचे. अभियांत्रिकीत ते होऊन गेले: भाव होता तेव्हा कॉलेजे उगवली, आणि पुढे हजारो जागा रिकाम्या पडल्या. पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांची कमाई ही तुमच्या पोराला मिळणाऱ्या पगाराची हमी नव्हे. पण मागचे दहा वर्षांचे भाव माहीत असलेला शेतकरी आणि एका मुहूर्ताचा फोटो पाहिलेला शेतकरी यांच्यात फरक राहीलच.

आमच्या मागण्या जिल्हा बैठकीत ठरावासाठी मांडत आहोत. प्रवेश देणाऱ्या प्रत्येक संस्थेने खिडकीवर फळा लावावा आणि त्यावर विषयवार, मागच्या पाच वर्षांचे लिहावे: दाखल किती, पास किती, लागले किती, पत्ता नाही असे किती, आणि पास झालेल्या सगळ्यांतला मधला कमाईचा आकडा. कमाल पॅकेज लिहायचे तर त्याच फळ्यावर, त्याच आकाराच्या अक्षरांत. श्रमबळ पाहणीत शेतीची पदवी वेगळी मोजावी. आणि २०११ नंतरची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून व्हायची असे जून २०२५ मध्ये जाहीर झाले, तिच्यासोबत १९७१ सारखे पदवीधरांचे कार्ड पुन्हा काढावे.

सरकार करील तेव्हा करील. या अंकाच्या शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता छापला आहे. गावातल्या प्रत्येक पदवीधर पोराचे आणि पोरीचे, सुनांचेही, भरायचे: विषय, कोणत्या वर्षी पास झाले, एकूण खर्च किती आला, त्यासाठी जमीन विकली किंवा कर्ज काढले का, आज काय काम, महिन्याला रोख हातात किती. नाव लिहायचे नाही. घरी बसला असेल तर "घरी" असे लिहा, लाजू नका. शेतावर असेल तर "शेतावर" लिहून एकर लिहा. तक्ता भरून पुढच्या जिल्हा बैठकीला आणायचा आहे. परांड्याचे सोबती त्यांच्या गावचा भरून आणणार आहेत, तसा त्यांचा निरोप आला आहे. पोरगा दुसऱ्या वर्षाला आहे, त्याची फी पुढच्या महिन्यात भरायची आहे.